पाचशे बारा पास आणि झरीचा कापूस

(दीर्घ धागा)

मार्च २००६ च्या अखेरीस मुंबईत लॅक्मे फॅशन वीक भरला, तेव्हा त्याच्या वार्तांकनासाठी ५१२ पत्रकारांना अधिकृत पास मिळाले होते. हा आकडा विस्मरणात गेला असता. तो गेला नाही, कारण त्या वेळी ‘द हिंदू’चे ग्रामीण वृत्तांकन सांभाळणारे पी. साईनाथ यांनी तो आपल्या लेखांतून आणि व्याख्यानांतून पुन्हा पुन्हा मांडला. पुढे दीपा भाटिया यांच्या ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९) या माहितीपटानेही साईनाथ यांचे हे सारे काम दूरवर पोहोचवले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : रॅम्पवर सुती कपडे मिरवले जात होते आणि तो कापूस पिकवणारी माणसे, मुंबईहून विमानाने तासाभराच्या अंतरावरील विदर्भात, स्वतःचे जीवन संपवत होती. एका घटनेला शेकडो डोळे लाभले आणि दुसरीकडे पाहायला बाहेरून आलेले पत्रकार हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच होते.

ही तुलना गेली जवळजवळ वीस वर्षे उद्धृत होत आहे. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला तिच्यात एक साधी, काहीशी खोडसाळ वाटावी अशी शंका येते. मुंबईच्या रॅम्पवरील तो कापूस खरोखर विदर्भातलाच होता, हे कशावरून? तो गुजरातचा, आंध्रचा किंवा मराठवाड्याचा नव्हता, असे कोण सांगू शकेल?

या शंकेचे प्रामाणिक उत्तर असे की, कोणीच सांगू शकत नाही. ते का सांगता येत नाही, याला मात्र दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

आधी गाव पाहू. झरी जामणी हा यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा तालुका. झरी आणि जामणी ही दोन गावे एका नावात बांधली गेली आहेत. खाली पैनगंगा, पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. मुकुटबनच्या बाजूला जमिनीखाली कोळसा आणि चुनखडक, वर काळी माती. तालुक्यात गोंड, परधान आणि कोलाम यांची मोठी वस्ती आहे. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना ‘विशेष असुरक्षित’ मानले जाते त्यांपैकी कोलाम ही एक, कातकरी आणि माडिया गोंड या उरलेल्या दोन. कोलामांच्या वस्तीला ‘पोड’ म्हणतात, आणि त्यांची कोलामी बोली द्राविडी कुळातली आहे. शेती जवळजवळ सगळी कोरडवाहू. जूनमध्ये मृग बरसला की कपाशीची टोबणी, मधल्या ओळींत तूर. मग डवरणी, निंदण, पाते, फूल, बोंड. दिवाळीच्या सुमारास पहिली वेचणी, आणि त्याआधी शेतात दही-भाताचा नैवेद्य दाखवण्याची विदर्भातली रीत. वेचणी बहुधा बायांच्या हाती असते आणि मजुरी किलोवर मिळते.

वेश आणि मिरवणूक या गोष्टी या मुलखाला परक्या आहेत असे कोणी समजू नये. पैनगंगेच्या पलीकडे आदिलाबादच्या गोंडांत दिवाळीच्या दिवसांत दंडारी निघते. मोरपिसांचे प्रचंड मुकुट डोक्यावर घेतलेले गुसाडी नर्तक गावोगाव पाहुणे म्हणून जातात. २०२१ मध्ये तिथल्या कनक राजू यांना या नृत्यासाठी पद्मश्री मिळाली. सजणे आणि पाहिले जाणे यांचा अर्थ या भागाला मुंबईकडून शिकावा लागलेला नाही.

आता फॅशन वीक. त्याविषयी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही : हा सोहळा जन्मालाच आला तो लिहिणाऱ्यांसाठी. १९४३ मध्ये पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होते. अमेरिकी वार्ताहरांना तेथील वेशभूषा पाहायला जाणे अशक्य झाले होते. तेव्हा एलेनॉर लॅम्बर्ट या प्रसिद्धी-व्यवसायातल्या स्त्रीने न्यूयॉर्कमध्ये अमेरिकी डिझायनरांचे काम एकत्र दाखवण्याचा घाट घातला. त्या उपक्रमाचे नावच मुळी ‘प्रेस वीक’ होते. कपडे विकणे हा हेतू होताच, पण कपड्यांविषयी लिहून येणे ही त्याची पहिली पायरी होती. ज्यांना दाखवायचे त्यांच्या गळ्यात पास अडकवायचा, त्यांना रांगेत बसवायचे आणि ते काय लिहितात याची वाट पाहायची. ही व्यवस्था तेव्हापासून फारशी बदललेली नाही.

भारतात लॅक्मे फॅशन वीक २००० साली सुरू झाला, दिल्लीत. पुढे आयोजकांची वाट वेगळी झाली आणि २००६ पासून मुंबईत त्याचे वर्षाला दोन हंगाम भरू लागले; पुढे त्यांना ‘समर-रिसॉर्ट’ आणि ‘विंटर-फेस्टिव्ह’ अशी नावे मिळाली. एक प्रयोग पंधरा-वीस मिनिटांचा. पहिल्या रांगेत मोठे खरेदीदार, मासिकांचे संपादक आणि चित्रपटातले चेहरे. त्यांच्या मागे बाकीचे. रॅम्पच्या टोकाशी, समोरासमोर, छायाचित्रकारांची दाटीवाटी. कोण कोठे बसले यावरून त्या वर्षीची प्रतिष्ठा कळते, आणि म्हणून बैठकीचा नकाशा हा तेथील सर्वांत जपून ठेवलेला कागद असतो. दरबारातील मानाच्या जागांविषयी ज्यांनी पेशव्यांची कागदपत्रे चाळली आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही.

या रांगांत पुढे ब्लॉगर आले. २००८ मध्ये अमेरिकेतील टॅव्ही गेव्हिन्सन या मुलीने स्वतःच्या पोशाखांविषयी ‘स्टाइल रूकी’ नावाचा ब्लॉग सुरू केला. तेव्हा ती शाळेत होती, वय अकरा. जानेवारी २०१० मध्ये पॅरिसला दिओरच्या प्रयोगात ती पुढच्या रांगेत बसली. तिच्या डोक्यावरचा गुलाबी रिबिनीचा भलामोठा फुगा मागे बसलेल्या एका मासिकाच्या प्रतिनिधीच्या नजरेआड रॅम्प करीत होता. त्या बाईंनी वैतागून त्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले आणि जगभर हशा पिकला. हा हशा एका संस्थेचा होता. संपादकाच्या ओळखपत्राशिवाय आलेली तेरा वर्षांची मुलगी दृश्य अडवते, म्हणजे नेमके काय होते, हे त्या एका छायाचित्राने सांगितले. भारतातही त्या दशकात ब्लॉगरांना पास मिळू लागले. ज्याच्या मागे मालक नाही, जाहिरात विभाग नाही, शब्दसंख्येची मर्यादा नाही, असा पाहणारा प्रथमच त्या मांडवात शिरत होता. त्याने काय पाहायचे, हे तत्त्वतः कोणी ठरवलेले नव्हते.

तत्त्वतः. व्यवहारात त्याच्या हाती येते ती आयोजकांची प्रसिद्धीपत्रिका, संग्रहाचे नाव, त्यामागची ‘प्रेरणा’, कापडाचा प्रकार आणि डिझायनरचा परिचय. कापडाचा प्रकार म्हणजे ‘सुती’, ‘लिनन’, ‘खादी’. त्याच्या मागे जाणारी वाट त्या पत्रिकेत नसते.

वस्त्राकडे पाहून नोंद करण्याची ही तऱ्हा नवी नाही. १८६६ साली लंडनमध्ये जॉन फोर्ब्स वॉटसन याने एक अजब ग्रंथ सिद्ध केला. इंडिया ऑफिसच्या संग्रहालयात भारतीय उत्पादनांचा अहवालकार म्हणून तो काम करीत असे. संग्रहातील कापडे त्याने अक्षरशः कापली, त्यांचे ७०० नमुने १८ खंडांत चिकटवले आणि अशा २० हुबेहूब प्रती तयार केल्या. तेरा ब्रिटनमध्ये राहिल्या, सात भारतात आल्या. सोबत त्याने भारतीयांच्या वेशभूषेवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. पागोटे किती लांब, धोतराचा पन्हा किती, साडीचा काठ कोठे येतो आणि पदर कोठे, कोणता कपडा मागावरून उतरताच अंगावर चढतो आणि कोणता शिवावा लागतो, हे त्याने बारकाईने टिपले. हेतू उघड होता. लँकेशायरच्या गिरण्यांचा माल भारतात खपायचा तर भारतीय ग्राहकाला काय आवडते ते गिरणीमालकाला बसल्या जागी कळले पाहिजे. वॉटसन या खंडांना फिरते संग्रहालयच समजत होता.

त्याच्या निरीक्षणशक्तीला दाद द्यावीच लागते. आजच्या एखाद्या चांगल्या ‘स्टाइल’ लेखनात जे असते ते सगळे त्याच्याकडे आहे : पोत, माप, पडण, रंगसंगती, कोण काय कसे नेसते. नमुन्याशेजारी कापड कोठले आणि केवढ्याचे याची नोंद सापडते. विणकराचे नाव सापडत नाही. कापूस कोणत्या शेतातला, हा प्रश्न त्याच्या चौकटीत बसतच नव्हता.

तो प्रश्न त्याच वर्षांत दुसऱ्या कोणाच्या तरी टेबलावर होता, आणि तेथून आपण पुन्हा यवतमाळकडे येतो.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि मँचेस्टरचा कापूस अडला. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या तशी इंग्रजांची नजर वऱ्हाडाकडे वळली. हा प्रांत निजामाकडून १८५३ च्या तहाने कंपनीच्या ताब्यात आलेलाच होता. झरी जामणीचा मुलूख त्या वेळी ‘वूण’ जिल्ह्यात होता. वूण म्हणजे आजचे वणी. जिल्ह्याला यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये मिळाले. युद्ध १८६५ मध्ये संपले, भाव कोसळले, पण लावलेले यंत्र थांबले नाही. १८६६ मध्ये, म्हणजे वॉटसनचे खंड तयार होत होते त्याच वर्षी, मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी खास कापूस आयुक्त नेमण्यात आला. त्याचे नाव हॅरी रिव्हेट-कार्नाक. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या लोहमार्गाचे आणि कापूस बाजाराचे उद्घाटन करायला स्वतः आला. एका कापूस बाजारासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून लंडनला त्याची निकड किती होती ते समजावे.

(रिव्हेट-कार्नाक हा गृहस्थ कापसाच्या गाठी मोजता मोजता नागपूरजवळ जुनापाणी येथील शिळावर्तुळेही खणत असे. १८७९ मध्ये त्याने त्यांवर लेख प्रसिद्ध केला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या अनाम मृतांविषयी त्याला असलेले कुतूहल खरेच होते. ते जिवंत कास्तकारांपर्यंत मात्र फारसे पोहोचले नाही.)

या अधिकाऱ्यांच्या अहवालांत एक तक्रार सतत डोके वर काढते : भेसळ. चांगल्या कापसात हलका मिसळतात, सरकी ठेवतात, वजन वाढवायला पाणी मारतात. १८६३ मध्ये मुंबई सरकारने त्यासाठी कापूस-फसवणूक प्रतिबंधक कायदाच केला. शेतकऱ्याकडून लिव्हरपूलपर्यंत माल जाताना तो कोणाचा आहे हे कळेनासे होते, अशी ही तक्रार होती. ती खरी होती. पण तिच्यावरचा उपाय खरेदीदाराच्या बाजूने शोधला गेला.

प्रत्यक्षात काय घडते ते पाहण्यासारखे आहे. शेतकऱ्याच्या बंडीतून किंवा आता छोट्या मालवाहू गाडीतून कापूस जिनिंगच्या आवारात येतो. काट्यावर वजन होते, भाव ठरतो, पावती फाटते. त्या पावतीवर शेतकऱ्याचे नाव असते आणि ते तेथेच संपते. कारण पुढच्या क्षणी त्याचा कापूस आवारातल्या गंजीवर ओतला जातो. त्याच गंजीवर त्याच दिवशी पन्नास जणांचा कापूस पडलेला असतो : पोडावरच्या कोलामाचा, पाटणच्या कुणब्याचा, नदीपलीकडून आलेल्या कोणाचा. तेथून तो यंत्रात जातो. सरकी वेगळी, रुई वेगळी. रुई दाबून तिची गाठ बांधतात, आज ती सुमारे १७० किलोची असते. गाठ बांधली गेली की शेत नाहीसे झालेले असते.

१९२५ मध्ये जिनिंग आणि प्रेसिंग कारखान्यांविषयी कायदा झाला. त्याने प्रत्येक गाठीवर कारखान्याचे चिन्ह आणि अनुक्रमांक उमटवणे बंधनकारक केले. गाठ खराब निघाली तर कोणत्या कारखान्याला धरायचे हे खरेदीदाराला कळावे, एवढा तो हेतू. म्हणजे नाव मागे नेण्याची सोय कायद्याने केली, पण कारखान्याच्या फाटकापर्यंतच. फाटकाबाहेर जो उभा होता त्याचे नाव जपण्याचे कोणाला कारण नव्हते. मुंबई आणि लिव्हरपूलच्या बाजारात तर त्याच्या जिल्ह्याचेही नाव राहिले नव्हते. वऱ्हाडचा बहुतेक कापूस अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणून विकला जाई. वूण जिल्ह्यातली रुईही मग त्या नावाखाली बोटीवर चढत असे.

याच कापसावर जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल उघडली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी घोषित करण्यात आले, म्हणून गिरणीला ते नाव. गिरणी २००२ मध्ये बंद पडली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये केंद्र सरकारने बीटी कापसाच्या व्यावसायिक लागवडीला परवानगी दिली. या दोन घटनांचा परस्परसंबंध नाही. पण विदर्भाच्या कापसाच्या कालपटावर त्या शेजारी येतात : जवळचे गिऱ्हाईक गेले आणि बियाणे महाग झाले.

२००५-०६ च्या हंगामाकडे आता जाता येईल. बीटी बियाण्याची ४५० ग्रॅमची पिशवी तेव्हा सोळाशे रुपयांच्या वर होती. २००६ मध्ये, आंध्र सरकारने दाद मागितल्यानंतर, ती ७५० रुपयांवर आली. दुसरीकडे, राज्याची एकाधिकार कापूस खरेदी योजना १९७२ पासून चालू होती. तिच्यातील उणिवा कितीही असल्या तरी हमीभावावर क्विंटलमागे ५०० रुपयांची आगाऊ रक्कम देण्याची पद्धत शेतकऱ्याला आधार देत होती. २००४ च्या निवडणुकीत तर क्विंटलला २,७०० रुपयांचे आश्वासन दिले गेले होते. २००५ च्या हंगामात ती आगाऊ रक्कम बंद झाली. लांब धाग्याच्या एच-४ जातीचा हमीभाव उरला १,९८० रुपये.

येथे एक हिशेब करून पाहण्याजोगा आहे. साध्या सुती सदऱ्याला पाव किलोच्या आसपास रुई लागते. क्विंटलभर कपाशीतून सुमारे ३४ किलो रुई निघते, म्हणजे पाव किलो रुईसाठी पाऊण किलोच्या जरा आत कपाशी. १,९८० च्या भावाने तिचे होतात साडेचौदा रुपये. बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी आणि सावकाराचे व्याज या साडेचौदा रुपयांत बसवायचे. रॅम्पवरच्या सदऱ्याची किंमत दहापट असो वा हजारपट, त्यातला शेताचा वाटा हा एवढाच.

आणि तो आठवडा मार्चचा शेवटचा होता. मुंबईत नवे संग्रह दाखवले जात होते. झरी जामणीत मार्चअखेर वेचणी आटोपलेली असते, शेतात वाळलेली पऱ्हाटी उभी असते, ती उपटून सरपणाला आणायची असते. आणि पीककर्ज फेडण्याची मुदत ३१ मार्चला संपते. ज्याची परतफेड त्या तारखेपर्यंत होत नाही तो थकबाकीदार ठरतो. पुढच्या पेरणीला बँक त्याला उभे करीत नाही, आणि जूनमध्ये त्याची पावले सावकाराकडे वळतात. ५१२ पासांचा आठवडा आणि हा आठवडा एकच होता, हे दिनदर्शिकेवरून दिसते. पुढे ‘विंटर-फेस्टिव्ह’च्या वेळीही हेच : ऑगस्टच्या आसपास तो संग्रह दाखवला जाई तेव्हा कपाशी पाते-फुलांवर असे, घरात पोळ्याची तयारी चालू असे आणि फवारणीची उधारी वाढत असे.

त्या मार्चमध्ये फॅशन वीकमधली एक गोष्ट मात्र थेट विधिमंडळापर्यंत गेली. रॅम्पवर चालताना एका मॉडेलचा पोशाख सुटला. वृत्तवाहिन्यांनी ती काही सेकंदांची चित्रफीत दिवसभर फिरवली. विधिमंडळात प्रश्न उपस्थित झाला आणि राज्य शासनाने पोलीस चौकशीचे आदेश दिले. तो अपघात होता, एवढाच त्याचा निष्कर्ष. त्या मुलीला झालेला मनस्ताप क्षुल्लक मानण्याचे कारण नाही, उलट तिच्यावर दुहेरी अन्याय झाला. पण राज्याची यंत्रणा किती त्वरेने हलू शकते, हेही त्या प्रसंगाने दाखवले. जेथे कॅमेरा होता तेथे चौकशी पोहोचली.

साईनाथ यांच्या तुलनेत एक दुरुस्ती करणे न्याय्य ठरेल, आणि तिचा सूर त्यांच्याच बोलण्यात आहे. विदर्भातले पत्रकार गप्प नव्हते. नागपूर, अमरावती, यवतमाळच्या मराठी वृत्तपत्रांत रोज बातम्या येत होत्या, तालुक्याचे वार्ताहर नावानिशी, गावानिशी लिहीत होते. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. ती घटनाही आज स्मरणात आहे ती प्रथम या प्रादेशिक नोंदींमुळेच. तेव्हा ‘कोणी लिहिले नाही’ हे खरे नव्हे. लिहिले गेले ते मराठीत, आतल्या पानावर, आणि ज्यांच्याकडे ५१२ पास होते त्यांच्या वाचनात ते येत नव्हते. डिसेंबर २००५ मध्ये राज्याने १,०७५ कोटींचे पॅकेज जाहीर केले होते. ३० जून २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. तेव्हा राष्ट्रीय वृत्तपत्रेही आली. त्यांचा रस्ता तोपर्यंत आतल्या पानांनी तयार करून ठेवला होता.

इतिहासाच्या साधनांचा विचार केला तर प्रश्न अधिक बिकट होतो. शंभर वर्षांनी कोणी २००६ च्या भारतीय वस्त्रांचा इतिहास लिहायला बसले तर मुंबईच्या त्या पाच-सहा दिवसांची हजारो छायाचित्रे, चित्रफिती, समीक्षा आणि मुलाखती त्याला मिळतील. झरी जामणीच्या त्या हंगामाची काय साधने मिळतील? सातबारा, सोसायटीच्या खातेवह्या, जिनिंगच्या पावत्या आणि पोलीस पाटलाचे पंचनामे. दोन्ही साधनेच आहेत. पण एक जपण्यासाठी निर्माण झालेले आहे आणि दुसरे काम संपले की रद्दीत जाणारे.

२४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक शिवणकामगार मेले. त्यानंतर जगभरच्या ग्राहकांनी आणि ब्लॉगरांनी आपल्या कपड्याची पट्टी उलटून दाखवत ‘माझे कपडे कोणी बनवले?’ असा प्रश्न कंपन्यांना विचारायला सुरुवात केली. स्टाइल-लेखनाच्या छोट्या इतिहासातला हा सर्वांत गंभीर क्षण. काही कंपन्यांनी उत्तरेही दिली, शिवणाऱ्या बाईचे हसरे छायाचित्र आणि नाव. परंतु शिलाई हा शेवटचा टप्पा. त्यामागे रंगकाम, विणकाम, सूतगिरणी, व्यापारी, जिनिंग. शेत त्याहून मागे.

आज झरीची एखादी मुलगी मोबाइलवर कपड्यांविषयी लिहीत असेल तर त्यात आश्चर्य काही नाही. समजा, तिला पास मिळाला. ती वणीहून नंदिग्राम एक्स्प्रेसने आदिलाबाद, किनवट, नांदेड असा लांबचा वळसा घेत मुंबईला उतरली आणि मांडवात चौथ्या रांगेत बसली. समोरून पांढऱ्या सुती कापडाचा पोशाख गेला. तिने मागच्या दालनात जाऊन विचारले, हे कापड कोठले? विणकरांचे गाव सांगितले जाईल. खादी असेल तर संस्थेचेही नाव मिळेल, वर्ध्याच्या बाजूच्या काही संस्था तर आसपासच्या शेतांतला कापूस ओळखून घेतात. बाकी ठिकाणी तिला सूत कोठले हे विचारावे लागेल. मग सूतगिरणीचे नाव. गिरणीत विचारले तर गाठींचा लॉट क्रमांक. लॉटवरून प्रेसचे चिन्ह, म्हणजे १९२५ च्या कायद्याने उमटवायला लावलेली ती खूण. नशीब असेल तर ती पांढरकवड्याची किंवा वणीची निघेल.

तेथे आवारात गंजी असेल, आणि कार्यालयात पावत्यांचा गठ्ठा. गठ्ठ्यात तिच्या वडिलांच्या नावाची पावतीही असू शकेल. पावतीवर तारीख, वजन, कापलेली घट आणि दर लिहिलेला असतो. तो कापूस गंजीत कोठे पडला, हे लिहायला तिच्यावर रकाना नसतो.